तारखा उलट्या होतायत – कॉम्प्युटरचं रीजन सेटिंग नक्की किती ठिकाणी बदलायचं?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते. मध्यंतरी आमच्याकडे नवीन मशीन आली, विंडोज ११ टाकलेली, आणि तेव्हापासून तारखांनी अक्षरशः जीव नकोसा केलाय.

होतंय काय की आमच्या पिग्मी एजंटांच्या मशीनमधून रोज एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) निघते, बँकेचं स्टेटमेंटही सीएसव्हीमध्येच येतं, दोन्हीकडे तारीख आपली नेहमीची, आधी दिवस मग महिना. जुन्या मशीनवर फाइल डबल क्लिक करून उघडली की सगळं नीट यायचं. नवीन मशीनवर ०५/०४/२०२५ ची, म्हणजे ५ एप्रिलची, नोंद ४ मे म्हणून बसते. १२/०४ ची थेट ४ डिसेंबर. आणि १३ तारखेपासून पुढच्या सगळ्या नोंदी चिकटल्यासारख्या सेलच्या डाव्या बाजूला जातात, त्यांच्यावर ना बेरीज लागते ना फिल्टर लागतो. म्हणजे एकाच महिन्याच्या अर्ध्या नोंदी भलत्या महिन्यांत आणि उरलेल्या अर्ध्या कुठेच नाहीत.

हे लक्षात कधी आलं तर मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी काढली तेव्हा. एक आजी ठेवपावती घेऊन आल्या, पावतीवर ५ एप्रिल स्वच्छ लिहिलेलं, आणि यादीत त्यांचं नाव मे महिन्यात. त्यांना दोन वेळा परत पाठवलं गेलं होतं. ज्या बाईंनी भाजी विकून पैसे साठवलेत त्यांना आपण "कॉम्प्युटरमध्ये पुढची तारीख आहे" असं सांगून परत पाठवायचं हे मला अजिबात सहन झालं नाही, म्हणून हे मुळापासून समजून घ्यायचंय.

मशीन बसवून देणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले रीजनमध्ये जाऊन इंडिया करा. केलं. काहीच फरक नाही. मग कुणीतरी सांगितलं फॉरमॅट बदला, तो बदलल्यावर माझ्या लॉगिनला नीट दिसायला लागलं पण कॅशियरचं लॉगिन उघडलं की परत महिना आधी. आकड्यांचंही तेच, त्यांच्याकडे १२,३४,५६७ च्या जागी १,२३४,५६७ येतं आणि संचालक मंडळाच्या सभेत तो कागद वाचताना सगळे अडखळतात. भाषेचं सेटिंग वेगळं, रीजनचं वेगळं, फॉरमॅटचं वेगळं, अजून कंट्रोल पॅनलमध्ये एक निराळीच खिडकी आहे. एकदा बदललं की कायमचं आणि सगळ्यांसाठी बदललं असं करता येतं का? आणि ज्या फाइली उलट्या तारखांसकट सेव्ह झाल्यात त्या दुरुस्त होतील का?

शिवाय एक जाता जाता विचारते, खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळावर क्लिक केल्यावर जे कॅलेंडर उघडतं त्यात तिथी, आपले महिने असं काही दिसू शकतं का? आमचं बरंच काम त्यावर चालतं.

---

खटपट्या

ताई, तुम्ही लिहिलेली लक्षणं इतकी नेमकी आहेत की मशीन न बघता सांगता येईल, फॉरमॅट इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) आहे. मशीनमध्ये विंडोज टाकताना पहिल्या स्क्रीनवर पुढे पुढे दाबत गेलं की हेच राहतं.

आता "रीजन इंडिया केलं तरी फरक नाही" याचं कारण सांगतो, कारण इथेच जवळपास सगळे अडकतात. विंडोजमध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींना विचारत नाहीत. डिस्प्ले लँग्वेज म्हणजे मेनू कुठल्या भाषेत दिसणार. कंट्री ऑर रीजन म्हणजे तुम्ही कुठे आहात, ते मुख्यतः स्टोअर आणि स्थानिक बातम्या वगैरेसाठी, त्याने तारीख बदलत नाही, आणि तुम्हाला फोनवर बदलायला सांगितलं ते हे. रीजनल फॉरमॅट म्हणजे तारीख, वेळ, स्वल्पविराम, आठवड्याचा पहिला दिवस, तुमचं दुखणं इथे आहे. आणि चौथं सिस्टिम लोकेल (लोकेल म्हणजे भाषा आणि देशानुसारच्या सेटिंगचा संच), जे युनिकोड न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमसाठी असतं. जुन्या फाँटवर चालणारं एखादं मराठी सॉफ्टवेअर असेल तर त्याला हात लावू नका, तिथे युटीएफ-८ चा जो बीटा चौकोन आहे त्याच्यावर टिक केल्याने जुने प्रोग्रॅम बिघडतात.

रीजनल फॉरमॅट हा प्रत्येक युजरचा स्वतंत्र असतो, म्हणून कॅशियरच्या लॉगिनला परत महिना आधी येतो. तर असं करा. आधी तुमच्या लॉगिनमध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, तिथे रीजनल फॉरमॅट इंग्लिश (इंडिया) करा. लाखाचे स्वल्पविराम त्यानेच येतात. तारखेत आडवी रेघ येईल, ०५-०४-२०२५ अशी, तुमच्या एखाद्या सॉफ्टवेअरला तिरकी रेघच लागत असेल तर चेंज फॉरमॅट्समध्ये शॉर्ट डेट बदलता येते.

मग विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून जुनं कंट्रोल पॅनलचं रीजन उघडा (तिथे इंटल डॉट सीपीएल असं इंग्रजीत टाइप करायचं), त्यात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह नावाचा टॅब आहे, त्यात कॉपी सेटिंग्ज. तिथे खाली दोन चौकोन दिसतील, एक वेलकम स्क्रीन आणि सिस्टिम अकाउंट्ससाठी, दुसरा नवीन युजर अकाउंट्ससाठी. दोन्हींवर टिक करा. यापुढे त्या मशीनवर जो कुणी नवीन युजर बनेल त्याला भारताचाच फॉरमॅट मिळेल. पण आधीपासून बनलेले जे युजर आहेत, म्हणजे कॅशियर, मॅनेजर, त्यांना हे लागू होत नाही, त्यांच्या लॉगिनमध्ये शिरून एकदा हाताने बदलावंच लागतं. मला विचाराल तर ही रचनाच चुकीची आहे, एका ऑफिसातल्या एका मशीनवर दोन माणसांना एकच तारीख दोन वेगळ्या पद्धतीने दिसावी अशी गरज कुणाला असते?

आता फाइली. तुम्ही वापरता ते एक्सेल आहे असं धरतो. सीएसव्हीमध्ये तारीख ही नुसती अक्षरं असतात, दिवस कुठला महिना कुठला हे फाइल सांगत नाही. एक्सेल ते विंडोजच्या शॉर्ट डेटवरून ठरवतं. पहिला आकडा १२ पर्यंत असेल तर तो महिना म्हणून खपून जातो, १३ किंवा जास्त असेल तर असा महिना नसतो म्हणून ती नुसती अक्षरं म्हणून डावीकडे राहतात. डावीकडे गेलेल्या नोंदी त्यातल्या त्यात बऱ्या, त्या दिसतात तरी. घातक आहेत त्या गुपचूप उलटलेल्या. वर्षातल्या १४४ तारखा अशा आहेत ज्या दोन्ही बाजूंनी वाचता येतात, त्यातल्या ०१/०१, ०२/०२ अशा १२ सोडल्या तर १३२ तारखा कुठलीही सूचना न देता चुकीच्या बसतात.

मूळ सीएसव्ही जपून ठेवल्या असतील तर बिघडलेल्या फाइली दुरुस्त करत बसू नका, मूळ परत आणा. डबल क्लिकने न उघडता डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही घ्या, ट्रान्सफॉर्म डेटामध्ये जा, तारखेच्या रकान्यावर राइट क्लिक, चेंज टाइप, युजिंग लोकेल, तिथे डेट आणि इंग्लिश (इंडिया). एवढं केलं की मशीनवर काहीही सेटिंग असो, तारीख बरोबरच येते.

मूळ नसेल तर: रकान्यात जिथे खरी तारीख बसली आहे तिथे दिवस आणि महिन्याची अदलाबदल करायची, म्हणजे डेट फंक्शनला वर्ष तेच द्यायचं, महिन्याच्या जागी डे आणि दिवसाच्या जागी मंथ. जिथे अक्षरं राहिलीत तिथे लेफ्ट, मिड, राइटने तुकडे करून तारीख बांधायची. इज नंबर लावून दोन्ही एका सूत्रात होतं. मात्र पूर्ण फाइल त्याच एका मशीनवर बिघडलेली असेल तरच हे चालतं. एका फाइलमध्ये थोड्या नोंदी चांगल्या मशीनवरून आणि थोड्या वाईट मशीनवरून भरल्या गेल्या असतील तर सूत्राने काही कळणार नाही, पावत्यांशी ताडूनच बघावं लागेल.

---

पेंग्विनप्रेमी

खटपट्यांनी विंडोजचं सगळं सांगितलंच आहे. मी एवढंच म्हणेन की ज्याला रोज सीएसव्ही उघडायची आहे त्याने लिब्रेऑफिस कॅल्क वापरून बघावं, विंडोजवरही चालतं. त्यात सीएसव्ही उघडताना दरवेळी आधी एक खिडकी येते, रकान्यावर क्लिक करून "डेट, डीएमवाय" असं सांगता येतं, आणि मग डोळ्यांसमोर दिसतं काय होतंय ते. लोकांना ती खिडकी कटकट वाटते, मला ती सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते, प्रोग्रॅमला माहीत नसेल तर त्याने विचारावं ना.

बाकी लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी मी वापरतो त्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, सगळं सुखाचं आहे असं समजू नका. मी पिंपरीला एका कारखान्यात आहे, आमच्याकडे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, या पट्ट्यात वर्षानुवर्षं तसंच आहे. मला आठवडा सोमवारपासून दिसायला हवा आणि सुट्टी गुरुवारची. लिनक्सच्या गनोम डेस्कटॉपमध्ये आठवड्याचा पहिला दिवस बदलायला कितीतरी वर्षं साधं बटणसुद्धा नव्हतं, तो लोकेलवरून ठरायचा, आणि भारताच्या लोकेलमध्ये तो रविवार. मग लोक काय करतात तर लोकेलमधला एलसी टाइम नावाचा जो तारीख-वेळेचा भाग आहे तेवढाच इंग्लिश ब्रिटनचा लावतात, म्हणजे सोमवारपासून आठवडा मिळतो आणि तारीखही दिवस आधी अशीच राहते, आणि आकड्यांचा एलसी न्यूमेरिक व चलनाचा एलसी मॉनेटरी इंग्लिश इंडियाचे ठेवतात म्हणजे लाख कोटी आणि रुपया शाबूत. लिनक्सची ही गोष्ट मला मनापासून आवडते की तुकडे वेगवेगळे करता येतात. पण पिंपरीच्या माणसाला सोमवार बघण्यासाठी कॉम्प्युटरला आपण लंडनमध्ये आहोत असं सांगावं लागतं हे काही बरोबर नाही.

आणि एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर अजून एक भोग. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळातली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, म्हणून इकडून तिकडे गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे मागे होतं. इंटरनेट असेल तर थोड्या वेळाने सुधारतं, पण तोवर ज्या फाइली सेव्ह झाल्या त्यांच्यावर चुकीची वेळ बसते, रात्रीच्या फाइलला तर तारीखही वेगळी. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या आज्ञेने आरटीसी, म्हणजे ते मदरबोर्डचं घड्याळ, लोकल करायला सांगता येतं किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत यूटीसी करता येतं, दोन्हींपैकी एकच करा.

---

जमाखर्च

खटपट्या दादा, खूप खूप आभार. कॉपी सेटिंग्ज केलं, तिघांच्या लॉगिनमध्ये हातानेही बदललं, फाइल डबल क्लिक केली की आता सगळ्यांकडे तारीख बरोबर येते, स्वल्पविरामही आले. नशिबाने मूळ सीएसव्ही एका पेनड्राइव्हवर होत्या.

पण एक प्रकार अजून कळत नाहीये. महिनाअखेरीचा एक तयार रिपोर्ट आहे, कुणीतरी फार पूर्वी बनवून दिलेला, बटण दाबलं की तो फोल्डरमधल्या सगळ्या फाइली स्वतः उघडतो आणि गोषवारा काढतो. त्यात अजूनही ५ एप्रिलचा ४ मेच होतोय! तीच फाइल, तेच मशीन, तेच लॉगिन. हाताने उघडली तर बरोबर, बटणाने उघडली तर उलटी. जुन्या मशीनवरच्या रिपोर्टांकडेही आता संशयाने बघायला लागलेय.

---

खटपट्या

संशय रास्त आहे. बटण म्हणजे मॅक्रो, एक्सेलमध्ये आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम. एक्सेलची मॅक्रोची भाषा अमेरिकन पद्धतीवर बेतलेली आहे आणि मॅक्रोने सीएसव्ही उघडली की ती तुमच्या विंडोजचा फॉरमॅट न बघता महिना आधी धरते. हा बिघाड नाही, तिची ठरलेलीच वागणूक आहे, म्हणून तर इतकी वर्षं लोक फसतात. मॅक्रोमध्ये जिथे वर्कबुक्स ओपन अशी ओळ असेल तिथे शेवटी लोकल नावाचा पर्याय देऊन तो ट्रू करायचा. तेवढ्या एका बदलाने तो विंडोजचा फॉरमॅट वापरायला लागतो. फॉरमॅट आता भारताचा आहे, त्यामुळे तारखा नीट येतील.

म्हणजेच हा रिपोर्ट जुन्या मशीनवरही उलटाच चालत असण्याची शक्यता आहे, मागचे गोषवारे एकदा काढून बघाच. तपासायची सोपी पद्धत: मार्चअखेरपर्यंतच्या फाइलीत जर ऑगस्ट किंवा डिसेंबरच्या, म्हणजे पुढच्या, तारखा दिसल्या तर समजायचं.

त्याच मॅक्रोत तिमाही काढली असेल तर तेही बघा. पिव्होटमध्ये, म्हणजे एक्सेलच्या गोषवारा कोष्टकात, तारखांचे गट पाडले की पहिली तिमाही जानेवारी ते मार्च येते, आपलं आर्थिक वर्ष एप्रिलपासून. विंडोजच्या रीजनमध्ये आर्थिक वर्ष कधी सुरू होतं हे सांगायची जागाच नाही. तारीख, वेळ, चलन, दशांश, सगळं विचारतं आणि ज्या एका गोष्टीवर इथला प्रत्येक हिशेब उभा आहे ती विचारत नाही. वेगळा रकाना करून एप्रिलपासून मोजावं लागतं.

---

म्युनिकर

इकडे जर्मनीतून लिहितोय, माझा अनुभव जरा वेगळ्या टोकाचा. इथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, म्हणून सीएसव्हीत रकाने वेगळे करायला अर्धविराम वापरतात, आणि रीजनल फॉरमॅट जर्मन असलेल्या मशीनवर एक्सेलही तशीच अपेक्षा करतं. पुण्याहून भावाने आईच्या औषधांच्या खर्चाची सीएसव्ही पाठवली की सगळी ओळ एकाच रकान्यात कोंबलेली दिसते. फॉरमॅट भारताचा केला की इथल्या ऑफिसच्या फाइली बिघडतात. दोन देशांत पाय असलेल्या माणसाचा विचार या सेटिंगमध्ये अजिबात नाही, तुम्ही एक तर इकडचे नाही तर तिकडचे.

त्यावर मी एकच नियम पाळतो आणि ताईंनाही तो सांगेन. मशीनच्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, २०२५-०४-०५. हे आयएसओ ८६०१ प्रमाण आहे, १९८८ सालापासूनचं, आणि भारतानेही ते आयएस ७९०० म्हणून स्वीकारलेलं आहे, म्हणजे हे कुठलं परदेशी खूळ नाही. वर्ष पुढे आलं की अमेरिकन मशीन, जर्मन मशीन, भारतीय मशीन, सगळी ती एकाच पद्धतीने वाचतात, मॅक्रोही. फाइलच्या नावातही असंच लिहिलं की फोल्डरमध्ये फाइली आपोआप क्रमाने लागतात. स्क्रीनवर आणि छापील कागदावर दिवस आधीच दाखवा, ग्राहकाला तेच कळतं, पण फाइलमध्ये वर्ष आधी. पिग्मीच्या मशीनवाल्यांकडे आणि बँकेकडे असं एक्सपोर्ट मागून बघा, कधी कधी पर्याय असतो आणि कुणी विचारलेलंच नसतं.

आणि चार जणांनी मिळून वापरायचं शीट असेल तर गूगल शीट्सचा एक गुण आहे, त्यात लोकेल फाइलच्या सेटिंगमध्ये असतं, मशीनच्या नाही. इंडिया एकदा ठेवलं की भावाकडे आणि माझ्याकडे तारीख सारखीच दिसते. माझ्या मते सगळीकडे असंच असायला हवं होतं, तारखेचा अर्थ हा कागदासोबत प्रवास करायला हवा, टेबलासोबत नाही.

---

साधासरळ

तारखांचं ठीक आहे, पण ते तिथीचं कशाला पाहिजे कॉम्प्युटरवर? भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतंच प्रत्येक ऑफिसात. मान वर केली की दिसतं. उगाच मशीनवर ओझं.

---

तिथीवार

साधासरळ, भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझंही प्रेम आहे, पण ते आठवण करून देत नाही आणि त्यावरून यादी काढता येत नाही. ताईंचं काम बघा ना. गावाची यात्रा तिथीवर, त्या दिवशी पिग्मी गोळा होत नाही. दिवाळीआधी किती ठेवी मोडल्या जातात त्याचा अंदाज गेल्या वर्षीच्या तारखेवरून बांधला तर चुकतो, तिथीवरून बांधावा लागतो. अधिक महिना आला की सणांचं वेळापत्रक जवळजवळ महिनाभर पुढे जातं, २०२३ साली अधिक श्रावण होता तेव्हा गणपती १९ सप्टेंबरला आले होते, त्याच्या आदल्या वर्षी ३१ ऑगस्टला. हे सगळं नियोजन लोक मशीनवरच करतात, मग कॅलेंडरही तिथे नको का?

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. विंडोजच्या टास्कबारमधल्या कॅलेंडरला जोड कॅलेंडर दाखवायची सोय आहे, पण पर्याय फक्त चिनी चांद्र कॅलेंडरचे, सरल आणि पारंपरिक लिपीतले. भारतीय एकही नाही. म्हणजे महिन्याच्या चौकोनात दुसरी तारीख बारीक अक्षरात दाखवायची यंत्रणा तयार आहे, नुसती आपल्यासाठी भरलेली नाही. याचा मला जास्त त्रास होतो.

तुम्हाला कुठे कॅलेंडरच्या यादीत "इंडियन" असा पर्याय दिसला तर मात्र जपून. ते आपलं पंचांग नव्हे. ते भारतीय राष्ट्रीय सौर कॅलेंडर, मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सुचवलेलं आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, सरकारने स्वीकारलेलं. भारताच्या राजपत्रावर असते ती तारीख. महिन्यांची नावं तीच, चैत्र, वैशाख, शकही तोच, पण सगळे महिने ३० किंवा ३१ दिवसांचे आणि चंद्राशी काही संबंध नाही. २०२५ साली त्याचा १ चैत्र २२ मार्चला होता आणि गुढीपाडवा ३० मार्चला, म्हणजे मधले आठ दिवस एका हिशेबाने शके १९४७ लागलेलं आणि दुसऱ्या हिशेबाने १९४६ च चालू. २०२३ साली पाडवा नेमका २२ मार्चलाच आला आणि तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की हे आपलंच पंचांग आहे, मग पुढे फरक दिसायला लागला आणि गोंधळ झाला.

पंचांग मशीनमध्ये बसवणं अवघड आहे हे मान्य. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यात १२ अंशांचं अंतर वाढायला लागणारा वेळ, तो साधारण १९ ते २६ तास असा कमीजास्त होतो, दिवसाची तिथी सूर्योदयाला जी असेल ती, आणि सूर्योदय सांगलीला वेगळा, नागपूरला वेगळा. त्यामुळे तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. शिवाय आपला महिना अमावस्येला संपतो आणि उत्तरेत पौर्णिमेला, म्हणून "हिंदू कॅलेंडर" नावाने काहीही उतरवून घेतलं तर कृष्ण पक्षात महिन्याचं नाव चुकलेलं दिसतं. आपली महाशिवरात्र माघात, त्यांची फाल्गुनात, दिवस एकच. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. ॲपलने २०२५ च्या आवृत्त्यांमध्ये, मॅकओएस २६ आणि सोबतच्या बाकीच्यांत, अकरा नवीन कॅलेंडर घातली, त्यात मराठी आणि गुजराती स्वतंत्रपणे आहेत. म्हणजे कुणीतरी मनावर घेतलं तर होतं. ज्यांच्या टेबलावर विंडोज आहे त्यांनी, आणि आपल्याकडच्या पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायती बहुतेक त्याच्यावरच आहेत, फीडबॅक हब या विंडोजमधल्या सूचना कळवायच्या ॲपमध्ये जाऊन ही मागणी नोंदवा असं मी कळकळीने सांगतो. मराठीत नोंदवा.

तोवर काम भागवायला: आयसीएस फाइल (कॅलेंडरच्या नोंदींची फाइल) म्हणून सणांची, एकादशीची यादी आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये जोडता येते, फक्त ती महाराष्ट्राच्या पंचांगावरून केलेली आहे ना ते बघून घ्या. आणि बँकेच्या सुट्ट्या हाताने भरत बसू नका. दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद, १ सप्टेंबर २०१५ पासून, हा नियम "दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी" अशी पुनरावृत्ती लावून दोन नोंदींत होतो, वर्षानुवर्षं बघायला नको. पेंग्विनप्रेमींचा गुरुवारही असाच लावता येईल, रंग बदलून.

---

पेंग्विनप्रेमी

लावलाय, तसाच लावलाय. पण ती नोंद झाली, सुट्टी नाही झाली. मीटिंग ठेवणारा प्रोग्रॅम अजूनही गुरुवारी मला मोकळा समजतो आणि रविवारी कामावर असताना सुट्टीवर. कामाचे दिवस कॅलेंडरच्या प्रोग्रॅममध्ये वेगळे निवडावे लागतात, आउटलुकमध्ये ते वर्क वीकमध्ये आहे. ऑपरेटिंग सिस्टिमला एकदा सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं असं नाही.

---

जमाखर्च

लोकल ट्रू केल्यावर रिपोर्ट बरोबर आला. मागचे गोषवारे काढून बघितले, काही महिन्यांत खरंच पुढच्या तारखा सापडल्या. ठेवींची यादी सगळी नव्याने काढली, पावत्यांच्या स्थळप्रतींशी ताडली, ज्यांची मुदत होऊन गेली होती त्यांना स्वतः फोन केले. त्या आजींना मधल्या दिवसांचं व्याज द्यावं असं मी मॅनेजर साहेबांपुढे मांडलंय, ते सभेत घेणार आहेत.

पिग्मीच्या मशीनवाल्यांनी वर्ष आधी असलेलं एक्सपोर्ट आहे असं सांगितलं, म्युनिकर दादा म्हणाले तसंच झालं, कुणी मागितलंच नव्हतं. बँकेकडे तसा पर्याय नाही म्हणे, अर्ज दिलाय.

तिथीवार, यात्रेचं तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. आयसीएस जोडून बघते. फीडबॅकही लिहिते, मराठीतच.

आता शेवटचं. सगळं झालं तरी एका सरकारी साइटवर फॉर्म भरताना तारखेच्या चौकोनात अजून महिनाच आधी येतो. ब्राउझर क्रोम आहे. हे कुठून येतंय?

---

खटपट्या

ते बहुतेक साइटचं नाही. तसला चौकोन ब्राउझर स्वतः काढतो आणि क्रोम त्यासाठी स्वतःची भाषाही बघतो, ती इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) असली की महिना आधी येऊ शकतो. सेटिंग्ज, लँग्वेजेस, तिथे इंग्लिश (युनायटेड किंग्डम) घालून त्याच्यापुढच्या तीन टिंबांवर "या भाषेत क्रोम दाखवा" करा. मग रीलाँचचं बटण येतं ते दाबा, नुसती खिडकी बंद करून उघडू नका. चौकोनात तारीख कशीही दिसली तरी साइटकडे ती वर्ष-महिना-दिवस अशीच जाते, म्हणून आधी भरलेले फॉर्म बिघडले असतील अशी भीती नको, फक्त भरताना ज्याने महिन्याच्या जागी दिवस टाइप केला असेल त्याचे तेवढे बघून घ्या. आणि हो, क्रोमचं हे सेटिंगही लॉगिननुसार वेगळं असतं, कॅशियरकडे परत करावं लागेल.